दहा मीटरचा एक चौकोन

नोकरीत असताना माणसाकडे फायली साचतात आणि निवृत्त झाल्यावर किस्से. फायलींना निदान वाळवी लागते. किस्स्यांना तीही लागत नाही. उलट दर वेळी सांगताना ते थोडे जाड होतात. म्हणून म्हटलं, अजून आपले आपल्याला ओळखू येताहेत तोवर लिहून टाकावेत.

मी सांगलीत विश्रामबागला एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात हेडक्लार्क होतो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या दिवसापासून माणसाला वेळेशी देणंघेणं उरत नाही, नेमकं त्याच दिवशी त्याला घड्याळ देण्याची पद्धत कोणी पाडली, ते शोधायचं मनात होतं. तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. संस्थेनं सातारा-सांगलीतल्या आपल्या शाळांसाठी एक उपक्रम काढला होता. उपग्रहांनी काढलेले फोटो आणि उपग्रहांचे आवाज घेऊन पाचवी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं. नाव, ‘अवकाश आपल्या दारी’. विज्ञान येणारी माणसं त्यांना मिळाली होती. परवानग्या आणता येणारा माणूस हवा होता.

आमची टीम तिघांची. पहिल्या जाधव मॅडम, कराडजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. मॅडमना खोटं बोलता येत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे कसं निभावलं, हेच खरं तर विज्ञान प्रदर्शनात मांडायला हवं. दुसरे साताऱ्याचे माने. फौजेत सिग्नलमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कोणालाही मेजरच म्हणतात, तेव्हा माने मेजर. ते गाडी चालवतात आणि अँटेना धरतात. तिसरा मी. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. मी काहीच धरत नाही.

* * *

गाडी ठेवायची मॅडमच्याच शाळेत. गाव कराडच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझं अजून जेवायला जाणं-येणं आहे.

शाळेला मैदान आहे. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला आबांचा ऊस. आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, त्याआधी सरपंच, त्याआधीही कोणीतरी होतेच. आमच्या भागात बांध कोरण्याला कोणी गुन्हा म्हणत नाही; नांगराची सवय म्हणतात. दर नांगरटीला ट्रॅक्टरचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, शेजाऱ्याच्या अंगावर जादा घालायचं आणि विचारलं तर ड्रायव्हरकडे बोट दाखवायचं. आबांच्या शेजारी शाळा होती. शाळेला बोलता येत नाही आणि शाळेच्या वतीनं बोलायचं ते आबांनी.

त्यामुळे दर लागवडीला ऊस थोडा थोडा मैदानात यायचा आणि मुलींच्या खो-खोचा तिकडचा खांब थोडा थोडा आत सरकायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. बोलली ती आबांचीच सख्खी नात, सानिका. सातवीत होती आणि खो-खोची कॅप्टन होती. आम्ही पहिल्या दिवशी मैदानात गाडी लावली, तशी ती कमरेवर हात ठेवून मेजरांपुढं उभी राहिली.

“आवं मेजर, गाडी काढा. आदीच ऊस आत आलाय, त्यात तुमी.”

मेजरांनी फौजेत असतानासुद्धा इतक्या तातडीनं गाडी काढली नसेल.

मग तिच्याकडूनच कळलं, की आदल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात काय झालं. मुली आखूड मैदानावर शिकलेल्या. पळता पळता खांब कुठं येणार ते पायांना पाठ झालेलं. शेवटच्या डावात सानिकानं खांबाकडं सूर मारला. सूर अगदी बरोबर होता. खांब पुढं होता.

मी मुख्याध्यापक पवार सरांना विचारलं, मैदान लहान झालंय का? सरांना निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. ते म्हणाले, “मैदान आहे तेवढंच आहे, भाऊसाहेब. मुली वाढल्या.”

* * *

आमची गाडी पूर्वी संस्थेची आरोग्य तपासणीची गाडी होती. रंगाऱ्यानं दोन्ही बाजूंना ग्रह आणि रॉकेट काढलं, पण मागच्या दारावरचं लाल अधिक चिन्ह तसंच राहू दिलं. त्याला ते ताऱ्यासारखं वाटलं म्हणे.

साताऱ्याकडच्या एका गावात आम्ही शाळेपुढं गाडी लावली. मुलं प्रार्थनेला उभी होती. ती येईपर्यंत गाडीमागं बायकांची रांग लागली. मॅडमचं असं आहे, की समोर दोन माणसं गप्प बसलेली दिसली की त्या शिकवायला लागतात. त्यांनी दोरीला बांधलेली पाण्याची बादली गरागरा फिरवली आणि पाणी का सांडत नाही, उपग्रह खाली का पडत नाही, हे सगळं समजावून सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकलं. मधे मधे माना हलवल्या. मॅडम खूश झाल्या. एवढा चांगला वर्ग त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

शेवटी पुढच्या मावशींनी बोट पुढं केलं. “बाई, समदं पटलं. आता शुगर बगा.”

मॅडम खरं सांगायला निघाल्या होत्या, तेवढ्यात मेजर पुढं झाले. एकेकीची नाडी धरली, घड्याळाकडं पाहिलं आणि गंभीरपणे “ठीक है” म्हणून सोडून दिलं. रांग संपली.

पुढच्या फेरीला रांग दुप्पट होती. त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं झालं होतं.

* * *

शिक्षकांचं ट्रेनिंग विश्रामबागला होतं. पुण्याहून एक तरुण तज्ज्ञ आले होते. प्रत्येकाच्या पुढं एक कॉम्प्युटर आणि त्यावर उपग्रहानं काढलेला आपल्या भागाचा फोटो. तज्ज्ञांनी सांगितलं, हा उपग्रह दर पाचव्या दिवशी आपल्यावरून जातो आणि हे फोटो जगात कोणालाही फुकट मिळतात. मग म्हणाले, “आता सगळ्यांनी कराडचा संगम शोधा. दोन नद्यांच्या पाण्याच्या रंगात काय फरक दिसतो, ते सांगा.”

पाच मिनिटांनी ते खोलीत फिरून आले. संगम कोणीच शोधत नव्हतं. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता. एक गुरुजी सासऱ्याचं घर शोधत होते, पण ते वेगळ्या कारणासाठी.

सांगलीचे एक सर रागावले. त्यांनी नुकताच बंगला बांधला होता आणि तो फोटोत दिसत नव्हता. तज्ज्ञांनी समजावलं, की हा फोटो लहान लहान चौकोनांचा बनलेला आहे. एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. त्याच्या आतलं काही वेगळं दिसत नाही. सगळ्याचा मिळून एकच रंग येतो. “तुमचा आख्खा बंगला एका चौकोनात गेला, सर.”

सरांनी चष्मा काढला. “कसा जाईल? दोन मजली आहे.”

* * *

फोटो झाले, आता आवाज. हवामानाचा एक म्हातारा उपग्रह तेव्हा डोक्यावरून जायचा आणि जाताना रेडिओवर टिक-टिक असा संदेश पाठवायचा. मॅडमनी नळाचा पाइप आणि सुताराची स्टीलची टेप कापून त्यासाठी अँटेना केली होती. उपग्रह क्षितिजावर आला, की अँटेना त्याच्या दिशेनं धरायची आणि तो जाईल तशी फिरवत न्यायची. हे काम मेजर मुलांकडून ‘दाहिने देख’च्या हुकुमावर करून घ्यायचे. आख्खा वर्ग मोकळ्या आभाळाकडं बघत एकदम मान वळवतोय, हे रस्त्यावरून बघणाऱ्या एस.टी.तल्या लोकांनी काय समजायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

साताऱ्यातल्या एका शाळेत हा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे एक कारखानदार. उपग्रहाची वेळ झाली आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. तिथले मुख्याध्यापक घाईघाईनं मॅडमकडं आले.

“मॅडम, त्याला जरा थांबायला सांगता येईल का? पाचच मिनिटं.”

मॅडमनी उपग्रहाचा वेग सांगितला. मुख्याध्यापकांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, “मग मागून दुसरा नाही का एखादा?”

उपग्रह आला, टिकटिकला आणि उत्तरेकडं निघून गेला. पाहुणे आले तेव्हा तो हिमालय ओलांडून कुठल्या कुठं पोचला असेल. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मेजर अनुभवी माणूस. त्यांनी मघाचा आवाज मोबाइलमध्ये धरून ठेवला होता. अँटेना रिकाम्या आभाळाकडं रोखून त्यांनी खिशातला मोबाइल चालू केला. मॅडम पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या, त्या कार्यक्रम संपल्यावरच आत आल्या.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, “मला यायला उशीर झाला, तरी शाळेनं उपग्रह थांबवून ठेवला. याला नियोजन म्हणतात!”

मुख्याध्यापकांनी नम्रपणे हात जोडले.

* * *

आता परत आमच्या गावात.

मॅडमनी सातवीच्या वर्गात फोटोंचा तास सुरू केला. पडद्यावर आपलं गाव, वरून. मुलांनी नदी ओळखली, रस्ता ओळखला, साखर कारखान्याची चिमणी दिसते का म्हणून भांडण केलं. मग मॅडमनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक काही वर्षांपूर्वीचा आणि एक आत्ताचा. काय बदललं, ते शोधा.

सानिका बाकावरून उठून थेट पडद्याजवळ गेली. बाकीची मुलं नदी बघत होती, ती शाळा बघत होती. फोटोत आमचं मैदान म्हणजे मोजून चार फिके चौकोन. जुन्या फोटोत चार आणि नव्या फोटोतही चारच.

“मॅडम, ह्यात खांब कुठला?”

मॅडमनी दहा मीटरचं सांगितलं. खांब दिसत नाही, बांध दिसत नाही, ऊस दोन-चार पावलं आत आलेला दिसत नाही. तेवढं सगळं एका चौकोनाच्या पोटात जातं. एवढं बारीक बघणारे उपग्रह असतात, पण ते फोटो आपल्याला कोण देणार?

“म्हंजी कायच दिसत न्हाई.”

“कायच नाही असं नाही. पण हे नाही दिसत.”

सानिका जाग्यावर जाऊन बसली. आठवडाभर ह्या तासाची वाट पाहिली होती तिनं. आज्याला तोंडावर सांगायची सोय नव्हती. घरात आबांपुढं तिचा बापसुद्धा खुर्चीवर बसत नाही. तिला वाटलं होतं, वरून कोणीतरी परस्पर सांगेल.

मेजर खिडकीतून ऐकत होते. मला म्हणाले, “भाऊसाहेब, इतना पैसा खर्च करके उपर भेजा, और खंबा नहीं दिखता?” मेजरांना वाईट वाटलं की हिंदी येतं.

* * *

उपग्रहाला डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपता येतो. पिकाचं पान तो प्रकाश जोरात परत फेकतं. हे दाखवायला फोटोत त्या प्रकाशाला लाल रंग देतात. म्हणजे पीक जितकं जोमदार तितका रंग लालभडक. मॅडमनी हे वर्गात शिकवलं, मुलांना समजलं, आणि एका मुलानं मोबाइलवर तो फोटो घरी नेला.

घरी समजावून सांगायला मॅडम नव्हत्या. घरच्यांनी पाहिलं ते एवढंच, की सगळ्या शिवारातला ऊस लाल झालाय. ऊस लाल म्हणजे तांबेरा! रोगाची साथ आली आणि ती आधी उपग्रहाला दिसली, ही बातमी दिवे लागायच्या आत चार वाड्यांवर पोचली. दुसऱ्या दिवशी दुकानातलं औषध संपलं. ज्यांचा ऊस सगळ्यात चांगला, त्यांनी सगळ्यात जास्त फवारलं, कारण फोटोत त्यांचाच ऊस सगळ्यात लाल होता.

मॅडमना कळलं तशा त्या पंपाच्या आवाजात ओरडत शिवारभर फिरल्या. शेवटी संध्याकाळी देवळापुढं माणसं जमवून त्यांनी लाल रंगाचं विज्ञान सांगितलं. पानाच्या आत काय चाललंय, ते ह्या उपग्रहाला कळतं. उसाला पाणी मिळालंय की नाही, तेही कळतं. भिऊ नका, ऊस उत्तम आहे.

माणसं भ्यायची थांबली नाहीत, फक्त कारण बदललं. घरी जाताना मी मागून ऐकलं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, “पानाच्या आतलं दिसतंय म्हंजी बांध तर काय, सरळच दिसत असंल.”

 दुसऱ्याच्या चालण्यात फरक पडला.

* * *

त्यानंतर मला गावात फार मान मिळायला लागला. चहाचे पैसे कोणी देऊ देईना. एका संध्याकाळी एस.टी.ची वाट बघत होतो, तर तात्या शेजारी येऊन बसले. तात्यांनी बांध कोरून कोरून भावाच्या विहिरीपर्यंत मजल मारली होती. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग मुलांची, मग आवाज उतरवून विचारलं.

“भाऊसाहेब, रातचं दिसतं का?”

मी म्हटलं, मॅडमना विचारून सांगतो. मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, ह्या उपग्रहाला रात्री दिसत नाही. हे मी तात्यांना कळवलं. पण त्यांचं समाधान झालं नाही. रात्री नांगरट करणं बरं दिसत नाही.

“आन् आभाळ आलं तर?”

पुन्हा मॅडम. ढगांच्या पलीकडचंही ह्या उपग्रहाला दिसत नाही, त्या म्हणाल्या. मॅडमना वाटलं, लोकांना विज्ञानाची गोडी लागतेय.

दहा मीटरचं मात्र मला कोणी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायचं नाही, हे मी नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो.

सातवीच्या मुलांना मॅडमनी रोजचं आभाळ बघायला सांगितलं होतं. ढग कसे आहेत, वारा कुठला आहे, आणखी काय दिसतं. पुढच्या तासाला एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, आभाळ आलं की ट्रॅक्टर वाढत्यात.”

मॅडम हरखल्या. “वा! निरीक्षण छान आहे. कारण कोण सांगेल?”

आख्खा वर्ग खाली बघायला लागला. कारण प्रत्येकाच्या घरी उभं होतं आणि त्यात डिझेल भरून ठेवलेलं होतं.

* * *

आबांचा ऊस तुटून कारखान्याला गेला. रान मोकळं झालं. आता नांगरट, मग सऱ्या, मग लागवड. म्हणजे खांब आणखी आत येणार. तालुक्याचे सामने जवळ आले होते आणि मुली अजून आखूड मैदानावरच पळत होत्या. सानिकानं पवार सरांना विचारून पाहिलं. सर म्हणाले, लागवडीनंतर बघू. लागवडीनंतर बघण्यासारखं काय उरणार होतं, ते तिनं विचारलं नाही.

अशात एक दिवस आबा स्वतः शाळेत आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात काठी. पवार सर मागोमाग. मी आणि मेजर दाराशी उभे होतो. सातवीचा तास चालू होता. आबा पहिल्या बाकावर बसले. तिथली दोन मुलं न सांगता उठली.

“मास्तरीणबाई, म्हनं तुमचं मशीन समदं बगतंय. माझं रान दावा.”

मॅडमनी फोटो लावला. आबांना त्यातलं काही उमगेना. शेवटी सानिका उठली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “हे आपलं रान.”

“आन् शाळा?”

सानिकाचं बोट फार हललं नाही.

आबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजी दोनी दिसतंय.”

“दिसतं, आबा,” मॅडम म्हणाल्या, “पण—”

आबा उठले होते. सरपंच झाल्यापासून त्यांनी कोणाचं ‘पण’च्या पुढचं ऐकलेलं नव्हतं. दारापर्यंत जाऊन ते वळले.

“परत कवा येतंय ते?”

“दर पाचव्या दिवशी!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मॅडमचं शिकवणं पक्कं असतं.

* * *

नांगरटीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. तसं ते मुद्दाम निवडलेलं नव्हतं; चार दिवस ढगाची वाट बघून झाली होती, ढग काही आला नव्हता आणि ट्रॅक्टर दुसरीकडं जायचा होता. आणि तो नेमका पाचवा दिवस होता. शाळेच्या झाडून सगळ्या खिडक्यांत मुलं होती. पवार सरांनी त्यांना हटकलं नाही, कारण मधल्या खिडकीत तेच होते.

ट्रॅक्टर शेवटच्या तासाला मैदानाच्या कडेला आला. ड्रायव्हरनं विचारलं, “आबा, नेहमीगत?”

आबांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. एक घार होती. आबांनी तिच्याकडंसुद्धा संशयानं पाहिलं.

“थांब,” ते म्हणाले. मग काठी टेकत उलटे रानात चालत गेले. चार पावलं आत एक दगड होता, कधीकाळचा हद्दीचा. उसाच्या सऱ्यांत पुरता बुजला होता. आबांनी काठीनं त्याच्यावरची माती उकरली.

“हितनं फिरव.”

मेजर शेजारी उभे होते. नकळत त्यांचा हात सलामीला कपाळाकडं गेला. तो आबांना होता की उपग्रहाला, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मुलींनी खांब उपटला आणि ओढत पहिल्या जागी नेला. तिथला जुना खड्डा हाताला लागला. खांब रोवून झाल्यावर सानिकानं त्याच्यावर सूर मारून पाहिला. मग आणखी एकदा. मग अंधार पडेपर्यंत.

* * *

पवार सर फार हुशार माणूस. आठवड्याच्या आत त्यांनी ‘शाळेस जमीन दिल्याबद्दल’ आबांचा सत्कार ठेवला. मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं. त्यात मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. जमीन शाळेला मिळाली, हे खरं. आबांच्या हातून मिळाली, हेही खरं. मुळात कोणाची, ते विचारायची मानपत्रात पद्धत नसते.

सत्कारासाठी दिवसही आबांनीच निवडला. उपग्रह यायचा दिवस. शाल खांद्यावर घेऊन ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ऊन चांगलंच होतं. पवार सर म्हणाले, आबा, सावलीत बसा. आबा म्हणाले, “येऊन जाऊ द्या की त्याला.” आणि टोपी सारखी केली.

चार-पाच दिवसांनी ते पुन्हा सातवीच्या वर्गात आले. ह्या वेळी काठी बाहेर ठेवून. म्हणाले, त्या दिवशीचा फोटो बघायचाय. मॅडमनी तो लावला. सगळा गाव, नदी, रस्ता, नांगरलेली रानं आणि मधे शाळेचं मैदान. चार फिके चौकोन.

आबा पडद्याच्या अगदी जवळ गेले. डोळे बारीक केले.

“ह्यात मी कुठला?”

मॅडमनी तोंड उघडलं. मॅडमना खोटं बोलता येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. मेजरांनी छताकडं पाहिलं. मला एकदम खोकला आला.

सानिका सरावाहून नुकतीच आत आली होती. गुडघ्यापर्यंत लाल माती. तालुक्याचे सामने दोन दिवसांवर होते. ती मॅडमच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पडद्याकडंच बघत, ओठ न हलवता म्हणाली,

“मॅडम, ते दहा मीटरचं आबास्नी सांगू नगा.”